उत्तरांची कीर्द आणि उत्तरांची खतावणी

स्मरणशक्ती ही माणसास मिळालेली मोठी देणगी आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु योग्य वेळी योग्य तेवढेच आठवावे आणि जे आपले नव्हे ते ज्याचे त्यास परत करावे, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे. हा धडा आम्हांस गेल्या वर्षी एका यंत्राने दिला. तो कसा दिला, आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भालकीच्या किंवा बसवकल्याणच्या बाजारपेठेत ज्यांच्या घरी पिढीजात दुकान आहे, त्या विद्यार्थ्यांना कीर्द आणि खतावणी हे शब्द नव्याने सांगावयास नकोत. दिवसभरात जे जे घडले ते घडल्या क्रमाने कीर्दीत उतरते. तुरीचे पैसे दिले, सुतळी घेतली, हमाली चुकती केली, जुनी उधारी वसूल झाली, असे सारे एकापाठोपाठ एक. पुढे सवडीने हीच प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या नावाने खतावणीत चढविली जाते. कीर्द काळाचा क्रम सांगते. खतावणी एकेका खात्याचा हिशेब सांगते. अमुक शेतकऱ्याचे देणे किती, हे पाहण्यासाठी कोणताही शहाणा मुनीम कीर्द उलटीत बसत नाही. आमच्या लेखाचा विषय या दोन वह्यांमधील भेदात सामावलेला आहे. फरक इतकाच की, आमची वही कागदाची नसून संगणकातील आहे.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम आमच्या संगणक-मंडळाकडे आले. शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर समोर ठेवावयाचे, ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांची माहिती विचारून घ्यावयाची आणि ती संगणकात उतरावयाची, असे त्याचे स्वरूप होते. यासाठी आम्ही ‘व्हिम’ नावाचे टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचे व सुधारण्याचे साधन, पसंत केले. ते विनामूल्य मिळते, जुन्या संगणकावरही चालते, आणि मुख्य म्हणजे त्यास आपल्या सोयीच्या आज्ञा लिहून देता येतात. अशा आज्ञांच्या संचास स्क्रिप्ट म्हणतात.

या साधनाचा इतिहासही मनोरंजक आहे. 1976 मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने ‘व्ही-आय’ नावाचे एडिटर रचले. त्याच धर्तीवर ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी व्हिम तयार केले आणि 1991 मध्ये ते लोकांना खुले केले. त्याबद्दल त्यांनी किंमत मागितली नाही. ज्यास ते उपयोगी वाटेल त्याने युगांडा देशातील किबाले येथील गरजू मुलांच्या साहाय्यार्थ यथाशक्ती द्यावे, एवढीच विनंती त्यांनी केली. 3 ऑगस्ट 2023 रोजी ते निवर्तले. परंतु त्यांचे साधन आणि त्यासोबतची ती विनंती आजही कायम आहे.

आमच्या स्क्रिप्टचे काम साधे होते. ती एकेका व्यक्तीविषयी पाच प्रश्न विचारी: नाव, सध्याचे गाव, तालुका, शाळा सोडल्याचे वर्ष आणि दूरध्वनी क्रमांक. प्रश्न विचारण्यासाठी व्हिममध्ये ‘इनपुट’ नावाचे फंक्शन आहे. ते पडद्याच्या तळाशी प्रश्न दाखविते, उत्तर टंकित होईपर्यंत थांबते, आणि एंटर कळ दाबताच ते उत्तर स्क्रिप्टच्या हाती देते. पाच प्रश्न म्हणजे पाच वेळा ‘इनपुट’. मिळालेली उत्तरे एका ओळीत लिहावयाची, की एक नोंद पुरी झाली.

आता येथे ‘इतिहास’ हा शब्द येतो. पानिपताचा किंवा बहामनी राज्याचा नव्हे, तर टंकित केलेल्या ओळींचा. आपण जे टंकित करतो त्याची नोंद व्हिम ठेवते, म्हणजे तेच पुन्हा लिहिण्याचे कष्ट वाचतात. वरच्या बाणाची कळ दाबली की मागील ओळ समोर येते, आणखी दाबली की तिच्या मागची. आधी दोन-तीन अक्षरे लिहून बाण दाबला, तर त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच तेवढ्या येतात. अशा नोंदींचे व्हिममध्ये पाच निरनिराळे कप्पे आहेत: एक आज्ञांचा, दुसरा शोधलेल्या शब्दांचा, तिसरा गणिती व इतर पदावलींचा, चौथा ‘इनपुट’ला दिलेल्या उत्तरांचा आणि पाचवा स्क्रिप्टमधील चुका शोधताना दिलेल्या आज्ञांचा. उत्तरांच्या कप्प्यास अॅट या चिन्हाने ओळखतात. प्रत्येक कप्प्यात किती ओळी राहाव्यात हे आपण ठरवू शकतो. काहीच न ठरविणाऱ्यास अलीकडच्या आवृत्त्यांत 200 ओळींची जागा मिळते. हीच ओळ पूर्वी आली असेल, तर जुनी नोंद काढून तीच सर्वांत नवी म्हणून वर ठेवली जाते. व्हिम बंद करताना हे सारे एका फाइलीत उतरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले जाते. म्हणजे रात्र उलटली तरी ही स्मृती पुसली जात नाही.

सूक्ष्म वाचकाच्या लक्षात आले असेल की, आज्ञांना एक कप्पा आणि शोधाला दुसरा, अशी खतावणी व्हिमने राखली. परंतु उत्तरांच्या बाबतीत मात्र त्याच्यापाशी एकच कप्पा आहे. प्रश्न पाच असोत की पन्नास, साऱ्यांची उत्तरे त्या एकाच कप्प्यात घडल्या क्रमाने पडतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, उत्तरांची कीर्द आहे, खतावणी नाही. आमची सारी अडचण येथूनच उद्भवली.

पहिल्या दिवशी हा प्रकार केवळ गमतीचा वाटला. तालुका विचारला असता बाण दाबावा, तर आधी गाव येई, मग कोणाचे तरी आडनाव, मग मागील व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक. मुले हसत आणि पुन्हा बाण दाबीत. परंतु दोन गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या.

पहिली अशी की, एकाच संगणकावर पाळीपाळीने अनेक विद्यार्थी बसत. आदल्या दिवशी कोणी विश्वासाने सांगितलेला घरचा क्रमांक दुसऱ्या दिवशी भलत्याच विद्यार्थ्यापुढे नुसत्या बाणाने उभा राही. त्याचा कोणी गैरवापर केला नाही, हे आमचे भाग्य. त्यात आमची दक्षता काहीच नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक मनास लागली. आमच्या भागात एकमेकांशी मिळतीजुळती ग्रामनामे पुष्कळ आहेत. बीदर जिल्ह्यात औराद हा तालुका आहे, आणि सीमेपलीकडे लातूर जिल्ह्यात औराद शहाजानी आहे. कलबुर्गी जिल्ह्यात आळंद आहे, आणि पुण्याजवळ आळंदी. शाळेच्या सुरुवातीच्या तुकड्यांतील एक विद्यार्थिनी, आता नातवंडांच्या आजी झालेल्या, आळंद येथे राहतात. त्यांची नोंद करताना आमच्यापैकी एकाने ‘आळ’ एवढे लिहिले, बाण दाबला, आणि समोर आलेली ओळ नीट न वाचताच एंटर दाबले. थोड्याच वेळापूर्वी आळंदीस राहणाऱ्या एका गृहस्थांची नोंद झाली होती. तेच गाव या बाईंच्या नावापुढे बसले. निमंत्रणपत्रिका त्या पत्त्यावर गेली. संमेलन झाल्यावर काही दिवसांनी त्या स्वतः शाळेत आल्या आणि म्हणाल्या, “मला बोलवायचं विसरलात का रे?”

आम्ही खाली मान घातली. वस्तुतः कोणी काही विसरले नव्हते. यंत्राला आठवण होती, पण ती दुसऱ्याच्या गावाची होती.

हे सुधारावे कसे? प्रथम आम्हांस जो उपाय सुचला तो चुकीचा होता. तरी तो येथे सांगतो, कारण चुकीच्या उपायातून विषय अधिक उलगडतो. व्हिममध्ये ‘हिस्टडेल’ नावाचे फंक्शन इतिहासातील नोंद पुसते. त्यास कप्प्याचे चिन्ह आणि उणे एक हा आकडा दिला, की त्या कप्प्यातील सर्वांत नवी नोंद जाते. आम्ही ठरविले की, क्रमांक विचारून झाला की लगेच शेवटची नोंद पुसावी. काम चालल्यासारखे दिसले. पण एखाद्याकडे दूरध्वनी नसेल आणि आपण उत्तर रिकामे ठेवून एंटर दाबले, तर? रिकामी ओळ इतिहासात जातच नाही. मग ‘शेवटची नोंद’ म्हणून जी पुसली जाते ती मागील प्रश्नाची निरपराध ओळ असते. याच्या उलटही घडते. कोणी अर्धा क्रमांक लिहिला आणि एस्केप कळ दाबून तो सोडून दिला, तर स्क्रिप्टला रिकामे उत्तर मिळते. परंतु ती अर्धवट ओळ इतिहासात मात्र शिरलेली असते. उत्तर रिकामे म्हणून पुसू नये, तर क्रमांक मागे राहतो. सरसकट पुसावे, तर कधी दुसऱ्याचेच पुसले जाते. कीर्दीतील शेवटची ओळ खोडून खतावणी तयार होत नाही, हेच खरे.

योग्य रीत निराळी आहे, आणि ती पाहुण्याच्या रीतीसारखी आहे. दुसऱ्याच्या घरी आपण स्वयंपाकघर वापरले, तर आधी होते तसे लावून परत द्यावे. तसेच स्क्रिप्टने वापरणाऱ्याचा इतिहास उसना घ्यावा आणि जसाच्या तसा परत करावा. याच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली पायरी, कप्प्यातील सध्याच्या साऱ्या नोंदी वाचून बाजूस ठेवणे. सर्वांत नव्या नोंदीचा क्रमांक ‘हिस्टएनआर’ हे फंक्शन सांगते, आणि अमुक क्रमांकाची ओळ ‘हिस्टगेट’ देते. एकपासून त्या क्रमांकापर्यंत जावे आणि जे मिळेल ते यादीत ठेवावे. येथे एक सावधगिरी हवी. हे क्रमांक जागेचे नसून नोंदीचे आहेत. मधली नोंद पुसली गेली तरी पुढचे क्रमांक मागे सरकत नाहीत. म्हणून काही क्रमांकांना रिकामे उत्तर मिळेल, ते वगळावे. दुसरी पायरी, ‘हिस्टडेल’ला केवळ कप्प्याचे चिन्ह देऊन सारा कप्पा मोकळा करणे. तिसरी, जो प्रश्न विचारावयाचा आहे त्याच प्रश्नाची पूर्वीची उत्तरे ‘हिस्टअॅड’ने त्यात भरणे. चौथी, प्रश्न विचारणे. आता गाव विचारले असता बाणाने गावेच येतील, नाव विचारले असता नावेच. पाचवी, उत्तर रिकामे नसेल तर ते त्या प्रश्नाच्या यादीत जोडणे. आधीपासून असेल तर जुने काढून शेवटी ठेवणे. सहावी व शेवटची पायरी, कप्पा पुन्हा मोकळा करून पहिल्या पायरीत बाजूस ठेवलेल्या नोंदी परत भरणे.

नोंदी भरताना क्रम चुकू नये. जी नोंद शेवटी भरली जाते तीच सर्वांत नवी ठरते आणि बाण दाबताच प्रथम येते. म्हणून जुन्यापासून नव्याकडे जावे. आम्ही प्रथम उलट भरले, आणि महिन्यापूर्वीची गावे पुढे व कालची मागे, असा प्रकार झाला.

आणखी एक प्रश्न विचारी वाचकाच्या मनात येईल. चौथ्या पायरीवर कोणी मध्येच काम तोडले, किंवा स्क्रिप्टमध्ये चूक निघून ती थांबली, तर सहावी पायरी कोण करणार? वापरणाऱ्याचा इतिहास उसना घेतलेला, आणि परत करण्यापूर्वीच ऋणको पसार! यासाठी स्क्रिप्टच्या भाषेत ‘ट्राय’ आणि ‘फायनली’ अशी जोडी आहे. ‘ट्राय’मध्ये धोक्याचे काम लिहावयाचे आणि ‘फायनली’मध्ये परतफेड. मधले काम यशस्वी होवो, फसो की तुटो, ‘फायनली’खालील आज्ञा पाळल्या जातातच. आमच्या मते साऱ्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ सर्वांत सुसंस्कृत आहे.

अशा रीतीने प्रत्येक प्रश्नास स्वतःचे खाते मिळाले. प्रश्नांच्या याद्या आम्ही निरनिराळ्या फाइलींत, एका ओळीस एक उत्तर याप्रमाणे, साठवितो. दुसऱ्या दिवशी त्या तेथून वाचल्या जातात. परंतु खाते मिळाले म्हणून प्रत्येक उत्तर आठवलेच पाहिजे, असे नाही. हा विचार केल्यावर आमच्या पाच प्रश्नांचे तीन वर्ग पडले.

पहिला वर्ग, जी उत्तरे पुन्हा पुन्हा येतात पण आधी सांगता येत नाहीत, त्यांचा. गाव हे त्याचे उदाहरण. येथे इतिहास उपयोगी. दुसरा वर्ग, ज्यांची उत्तरे मोजकी व ठरलेली आहेत, त्यांचा. बीदर जिल्ह्याचे तालुके आठ: बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, चिटगुप्पा, कमलनगर आणि हुलसूर. त्यांना आठवणीची गरज काय? ‘इनपुट’ला आपली यादी पुरविता येते, मग टॅब कळ दाबली की तीतील नावे समोर येतात. एकदा झालेली चूक इतिहास पुन्हा पुन्हा पुढे करतो. पारखून दिलेली यादी तसे करीत नाही. तिसरा वर्ग, जी उत्तरे एकाच माणसाची आहेत आणि दुसऱ्यापुढे येऊ नयेत, त्यांचा. दूरध्वनी क्रमांक यात मोडतो. त्यासाठी खातेच उघडू नये: रिकामा कप्पा देऊन प्रश्न विचारावा आणि उत्तर कोठेही न जोडता मूळ नोंदी परत भराव्यात. याहून गुप्त काही विचारावयाचे असेल, जसे की परवलीचा शब्द, तर ‘इनपुटसीक्रेट’ हे निराळे फंक्शन आहे. ते अक्षरांऐवजी तारका दाखविते आणि उत्तराची इतिहासात नोंद करीत नाही.

सीमाभागातील आपणां सर्वांस जवळचा असा एक मुद्दा राहिला, तो नावांच्या लेखनाचा. आपला भाग 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात व पुढे हैदराबाद राज्यात होता. संस्थानाच्या काळात दरबारी कारभार उर्दूतून चाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले, 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि 2014 मध्ये गुलबर्गा शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. आजोबांचे नाव उर्दू लिपीत, वडिलांचे कानडीत, आणि आपले देवनागरीत, अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. यंत्राला यातील नाते कळत नाही. ‘बीदर’ आणि ‘बिदर’ ही त्याच्या लेखी दोन निराळी गावे. ‘भालकी’ आणि शेवटी एक मोकळी जागा पडलेले ‘भालकी’ हीही दोन. इतकेच नव्हे, तर ‘कऱ्हाड’ या शब्दातील ऱ हे अक्षर युनिकोडच्या पद्धतीत दोन प्रकारे लिहिता येते: एकाच सांकेतिक अंकाने, अथवा र आणि खालचा बिंदू अशा दोन अंकांनी. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला भिन्न. म्हणून उत्तर यादीत जोडण्यापूर्वी कडेच्या मोकळ्या जागा काढणे आणि अशा अक्षरांचे एकच रूप करणे, हे काम आमची स्क्रिप्ट आता करते.

परंतु एक गोष्ट तिला करू दिलेली नाही. माणसाच्या नावाची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे ती ठरवीत नाही. ज्याच्या दाखल्यावर ‘गुलबर्गा’ आहे त्याच्या जुन्या नोंदीत तेच राहते, आणि ज्याच्या दाखल्यावर ‘कलबुर्गी’ आहे त्याचे तसे. नावाच्या प्रश्नास आम्ही इतिहासाचे खातेच ठेवले नाही. प्रत्येकाचे नाव प्रत्येक वेळी रजिस्टर पाहून, अक्षर अक्षर लिहावयाचे, हा नियम केला. त्यास वेळ लागतो. पण ज्याचे नाव आहे त्याच्यासाठी तेवढा वेळ देणे योग्यच आहे.

या वर्षीची यादी नव्या रीतीने तयार झाली. आळंदच्या आजीबाईंची निमंत्रणपत्रिका टपालात टाकण्याऐवजी आमच्यापैकी दोघांनी जाऊन त्यांच्या हाती दिली. पत्त्यावरील गावाचे नाव त्यांनी चष्मा लावून वाचले आणि मान डोलावली. ज्यांना स्क्रिप्ट लिहिण्याची इच्छा आहे त्यांनी संगणक-मंडळात अवश्य यावे. पहिल्या दिवशी आम्ही त्यांस ‘इनपुट’ शिकवू. दुसऱ्या दिवशी, उसने घेतलेले परत कसे करावे, ते.